64 जीबीच्या कार्डाचे दोन भाग: नऊ महिन्यांचा अनुभव (आणि एका अडॅप्टरची तक्रार)

दसऱ्याला मेमरी कार्डाचे दोन भाग (पार्टिशन) केले, त्याला आता नऊ महिने होतील. एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर "बिनधास्त करा" एवढंच लिहून मोकळा झालो असतो. मे महिन्यात भाचा सुट्टीला आला आणि मत बदललं. कार्डाबद्दल फारसं नाही, अडॅप्टरबद्दल.

हा उद्योग मुळात पैसे वाचवायला केला. ट्रॅक्टरवरच्या प्लेयरला फॅट32 (कार्डावर फाईली मांडायची जुनी पद्धत) सोडून काही कळत नाही. माझं कार्ड 64 जीबीचं, म्हणजे कंपनीतूनच एक्सफॅट (त्यानंतरची पद्धत) होऊन आलेलं. घातलं की प्लेयर मुका. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर फॅट32 हा पर्यायच येत नाही. विप्रो 1945 साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली म्हणून आम्ही छाती फुगवून सांगतो, पण बाजारातल्या दुकानदाराला एक्सफॅट म्हटलं तर तो म्हणाला, "हे कार्ड चालणार नाही, 32 चं घेऊन जा." आप्पांचंही तेच, "दुसरं लई ले ना भो." घरात 64 पडलेलं असताना 32 विकत घ्यायचं? कापसाचा भाव बघून तरी बोलावं माणसानं.

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 आहे. त्याला अशा कार्डावरचा पहिलाच भाग दिसतो, दुसरा असला तरी तो दाखवत नाही. विंडोज 10 मध्ये 2017 च्या अपडेटपासून ही अडचण गेली, पण आमच्या डब्याला 10 झेपत नाही. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) चालू केलं आणि त्यातलं भाग पाडायचं जीपार्टेड उघडलं. फुकट आहे, त्यामुळे माझ्याकडून अर्धे गुण तिथेच.

जीपार्टेडमध्ये जपायचं ते एकाच ठिकाणी. उघडल्याबरोबर समोर येते ती कार्डाची नाही, घरच्या हार्ड डिस्कची पट्टी. वर उजव्या कोपऱ्यातून कार्ड आपण निवडायचं. माझ्याकडे एसडीए समोर 465.76 जीआयबी दिसत होतं, ती 500 ची हार्ड डिस्क. एसडीसी समोर 59 आणि काहीतरी, ते कार्ड. (64 चं 59 झालं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते, कॉम्प्युटर 1024 नं.) तरी धीर होईना. शेवटी कार्ड उपसलं, कंट्रोल-आर दाबलं, यादीतून कोणतं नाव गायब झालं ते पाहिलं आणि कार्ड परत घातलं. अजूनही दर वेळी हेच करतो.

कार्डात होतं ते सगळं आधी हार्ड डिस्कवर उतरवलं, कार्ड अनमाउंट केलं (सिस्टिमच्या वापरातून सोडवलं), जुना भाग पुसला आणि दोन नवीन केले. आहे तोच भाग दाबून लहान करायच्या फंदात पडलो नाही. तो प्रकार लांबतो, आणि मधेच लाइट गेली तर भरलेल्या भागाचं वाटोळं. आमच्याकडे लाइट कधी जाईल ते लाइटलाही माहीत नसतं. नवीन भाग करायला काही सेकंद लागतात. शिवाय वरची बरोबरची खूण दाबेपर्यंत जीपार्टेड कार्डाला हातही लावत नाही, नुसती कामांची यादी करून ठेवतं. हे मला फार आवडलं.

पहिल्या खेपेला गाण्यांचा भाग दुसरा ठेवला होता, प्लेयर पुन्हा मुका. त्याला पहिलाच भाग कळतो. मग 30720 एमआयबीचा (म्हणजे 30 जीआयबीचा) फॅट32 पुढे घेतला आणि उरलेली जागा मागे. कार्डाच्या सुरुवातीला कंपनीनं 16 एमबी मोकळी सोडलेली होती, ती तशीच राहू दिली. मागच्या भागाला जीपार्टेडनं आपणहून ईएक्सटी4 (लिनक्सची मांडणी) सुचवलं, मी तेच राहू दिलं. ही चूक होती, पण ती पुढे कळली.

आता अडॅप्टर. मायक्रो कार्ड ज्या प्लास्टिकच्या तुकड्यात घालून कॉम्प्युटरला लावतो, त्याच्या डाव्या कडेला नखाएवढा खटका असतो. कार्ड लिहिण्यापासून बंद करायचा. त्याच्या आत वायर नाही, काही नाही. कार्डाला तर तो आहे हेही माहीत नसतं. खटका कुठे आहे ते रीडर चाचपतो आणि त्यावर ठरवतो. खटका पुढे म्हणजे उघडं, मागे म्हणजे लॉक. आणि कार्ड रीडरमध्ये सरकवताना घासून खटका जातो मागेच! माझा तर इतका ढिला की पाचात चार वेळा कार्ड फक्त वाचण्यापुरतं. जीपार्टेडमध्ये भागासमोर कुलूप दिसलं की अनमाउंट करून ते निघतं. खटक्याचं हे कुलूप मात्र कशानं निघेना. दसऱ्याची अख्खी संध्याकाळ यात गेली.

दुकानात बदलून मागितला. "गॅरंटी कार्डाची, अडॅप्टर फुकट येतो." मी म्हटलं, फुकट कसा, पाकिटाच्या किमतीत धरलेला असतो. पाऊण तास झाला, मागे गिऱ्हाईक ताटकळलं, तो तीस रुपयांचा तुकडा काही मिळाला नाही. घरी येऊन खटका पुढे केला आणि वर फेविक्विकचा थेंब टाकला. विषय संपला, असं वाटलं.

पुढचे सात महिने तक्रार नाही. पुढे गाणी, मागे सातबाऱ्याचे फोटो, ठिबकची बिलं आणि आजी असताना फोनवर धरून ठेवलेली कानबाईची (आमच्या खानदेशातल्या देवीची) गाणी. कधी मिंट चालू करून मागच्या भागात भर घालायची, एवढंच. हार्ड डिस्क भरली तेव्हा तिथली प्रत पुसून टाकली. शहाणपणा.

मे महिन्यात भाच्यानं ते कार्ड त्याच अडॅप्टरसकट मुलीच्या लॅपटॉपला लावलं. त्यात विंडोज 11. त्याला दोन्ही भाग दिसतात, पण ईएक्सटी4 वाचता येत नाही. "वाचता येत नाही" असं सांगून गप्प बसावं ना? तर म्हणतं, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? भाच्यानं केलं. त्याला काय बोलणार, विचारणाऱ्यानं विचारलंच तसं. पुढचा भाग शाबूत, मागचा कोरा.

त्यानंतर कार्डावर एक अक्षर लिहू दिलं नाही. मिंटमध्ये फोटोरेक (पुसलेल्या फाईली शोधून काढणारं) टाकलं आणि सापडलेलं सगळं हार्ड डिस्कवर जागा करून तिथे घेतलं. बरंचसं परत आलं, नावं मात्र गेली. सातबारा, बिल, गाणं, सगळं एफ आणि पुढे सात-आठ आकडे. तीन संध्याकाळ आप्पा एकेक फाईल ऐकत बसले. "हाई शे कानबाईनं गानं," म्हणाले की मी नाव टाकायचो. दोन व्हिडिओ अर्धेच निघाले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्या खटक्याला दसऱ्याला शिव्या घातल्या तो मागे असता तर लॅपटॉपनं फॉरमॅट केलंच नसतं. आणि तो उघडा चिकटवला कोणी? मीच.

आता मागचा भाग एक्सफॅट आहे, त्यामुळे लॅपटॉप तो प्रश्न विचारत नाही. कानबाईच्या गाण्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर कायमची ठेवली. भाग दोन केले तरी आतली चिप एकच, ती गेली की दोन्ही जाणार. आणि त्याच दुकानातून तीस रुपये मोजून नवीन अडॅप्टर आणला. "आलात ना शेवटी," तो हसला. याचा खटका घट्ट आहे, नखानंच सरकतो. कार्ड पोरांच्या हाती द्यायचं तर याच्यातून, खटका मागे करून. लॅपटॉपवर मुद्दाम एक फाईल पुसून पाहिली, पुसू दिली नाही.

फेविक्विकवाला फेकला नाही. श्रावणात ट्रॅक्टरसाठी गाणी भरायला तोच लागणार आहे.