महिन्याची कार मीट: बॅलार्ड इस्टेटला उभं राहायचं की खोपोलीला निघायचं?

तुमचा गाडीवेड्यांचा ग्रुप पंधरा-वीस जणांचा झालाय, दर महिन्याला भेटायचं सगळ्यांना मान्य आहे आणि घोडं अडलंय ते फक्त जागेवर. मुंबईत याला फिरून फिरून तीनच उत्तरं निघतात. रविवारी पहाटे फोर्टकडच्या बॅलार्ड इस्टेटच्या मोकळ्या रस्त्यांवर गाड्या लावायच्या, किंवा शहराबाहेर नाश्त्यासाठी ड्राइव्ह काढायची, किंवा संध्याकाळी मॉलच्या पार्किंगमध्ये जमायचं. गेल्या काही वर्षांत मी तिन्ही करून पाहिलंय, दोन तर स्वतः ठरवून, सगळ्यांना फोन करून.

मॉलचं लवकर सांगून टाकतो. बेसमेंटमध्ये उजेड कमी, उतारावर लोअर केलेल्या, म्हणजे जमिनीपासूनची उंची कमी करून घेतलेल्या गाड्यांचा बंपर घासतो, आणि दहा गाड्यांची बोनेटं उघडली की सिक्युरिटीवाला येतोच. त्याचंही बरोबर आहे, ते त्याचं काम आहे. मॅनेजमेंटची आधी लेखी परवानगी मिळत असेल तर पावसाळ्यातल्या एखाद्या महिन्यापुरतं ठीक. दर महिन्याचं ठिकाण म्हणून मला ते कधी जमलं नाही.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

ड्राइव्हची ओढ मला पूर्ण कळते. गाडी चालवायला असते, उभी करून बघायला नव्हे, असं म्हणणारे माझे जवळचे मित्र आहेत. वाशीहून निघून कळंबोलीला एक्स्प्रेसवे सोडून द्यायचा आणि जुन्या हायवेने चौक, खालापूर करत खोपोली गाठायची. पाऊस नुकता उघडलेला असताना समोर घाट दिसायला लागतो, त्या वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी जशी बोलते तशी शहरात महिनोन्‌महिने बोलत नाही. ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ झाल्याने सुरुवातच रांगेत होण्याचा त्रासही कमी झालाय. एक्स्प्रेसवेने मात्र शक्यतो ग्रुप नेऊ नका. सरळ भागात मर्यादा ताशी १०० किलोमीटर, वर कॅमेरे, आणि पाठोपाठ दहा शौकीन असले की कुणाचा ना कुणाचा पाय जड होतोच. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. एका पोरामुळे सगळ्या ग्रुपचं नाव जातं.

तरीही माझा कौल ड्राइव्हच्या विरोधात गेला तो वेगामुळे नाही आणि पेट्रोलमुळेही नाही. गेला तो वाट बघण्यामुळे.

ती सकाळ सांगतो. पावणेसहाला वाशी टोलनाक्याच्या पुढे भेटायचं ठरलं होतं. सहाला अकरा गाड्या आल्या, बारावी यायची होती. फोन केला तर तो चेंबूरला होता, रात्रपाळी उरकून घरी जाऊन गाडी घेऊन निघालेला. त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं, उलट एवढं करून तो येतोय याचंच कौतुक वाटलं. पण अकरा गाड्या हजार्ड लाइट लावून हायवेच्या कडेला उभ्या. शेजारून कंटेनर गेला की माझी मारुती झेन अख्खी हलायची. ट्रॅफिक हवालदाराने दोनदा पुढे काढायला लावलं, दोनदा आम्ही शंभर-शंभर मीटर सरकलो. एकाची बायको आणि लहान मुलगी सोबत होती, मुलीला बाथरूमला जायचं होतं. कुणी गाडीतून उतरेना, कारण आता निघू, आता निघू असंच चाललेलं.

निघालो सात वाजून पाच मिनिटांनी. त्या एका तासात रविवारचा रस्ता पार बदलतो. पनवेलपर्यंत लोणावळ्याला जाणाऱ्या गाड्यांत आमची रांग तुटली. खोपोलीला पोहोचलो तेव्हा हॉटेलबाहेर जागा नव्हती, आमच्या गाड्या तीन ठिकाणी विखुरल्या. मिसळ आली तशी ज्याची त्याने खाल्ली. घरी दीड वाजता पोहोचलो आणि जिना चढताना लक्षात आलं, बारा गाड्या एका ओळीत उभ्या असलेल्या मी दिवसभरात पाहिल्याच नाहीत, आणि निवांत बोललो ते फक्त दोघांशी. असं नंतरही झालं, दर वेळी उशीर करणारा वेगळा, एकदा तर मीच.

बॅलार्ड इस्टेटला वाट बघणं हा प्रकारच नाही. साडेसहा म्हणजे साडेसहा ते साडेनऊ. कुणी सातला येतो, कुणी आठला मुलाला क्लासला सोडून. आला की रांगेच्या शेवटी गाडी लावायची आणि जिथे घोळका दिसेल तिथे जायचं. उशिरा आल्याचा भार कुणावर पडत नाही, म्हणून लोक पुढच्या महिन्यालाही येतात. माझ्या मते महिन्याची मीट टिकते ती यावरच. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण आमची ड्राइव्ह चौथ्या महिन्यात चार गाड्यांवर आली होती.

जागाही तशी आहे. पोर्ट ट्रस्टसाठी वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या देखरेखीत गेल्या शतकाच्या सुरुवातीला आखलेले हे रस्ते, दोन्हीकडे एका उंचीच्या दगडी इमारती, सगळी ऑफिसं, त्यामुळे रविवारी शुकशुकाट. चेंबूरकडून ईस्टर्न फ्रीवे जवळच, पी. डिमेलो रोडला उतरवतो. पश्चिम उपनगरवाल्यांना वरळीहून कोस्टल रोड आहे. बोरिवली, डोंबिवलीवाल्यांना लांब पडतं हे खरं, पण त्यांना वाशी नाका तरी कुठे जवळ होता?

आणि एक गोष्ट फार कमी आयोजक धरतात. मुंबईत गाड्यांच्या निम्म्या वेड्यांकडे गाडी नसते. कॉलेजची पोरं, सोसायटीत पार्किंग नसलेले. ड्राइव्हमध्ये त्यांना कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसवावं लागतं आणि ती मुलं संकोचतात. इथे ती लोकलने सीएसएमटीला उतरून चालत येतात आणि बहुतेकदा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत परत निघतात.

आमच्याकडे एक काका त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन येतात. घाटात तिच्या टेम्परेचरचा काटा चढतो, म्हणून ड्राइव्हला ते कधीच आले नव्हते. मागे एक दहावीतला मुलगा खिडकीत वाकून बघत होता. त्याच्यासाठी पद्मिनी म्हणजे लहानपणची काळी-पिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. “काका, गिअर कुठाय?” त्याने विचारलं. काकांनी त्याला आत बसवलं, इंजिन बंदच ठेवलं, क्लच दाबायला सांगितला आणि स्टिअरिंगखालच्या दांड्यावर त्याच्या हातावर स्वतःचा हात ठेवून चारही गिअर टाकून दाखवले. दुसरा गिअर बसताना बारीक खट्ट आवाज झाला. मुलाने तो गिअर पुन्हा टाकून बघितला, मग पुन्हा.

इथल्याही अडचणी आहेत. रविवारी आसपास बरंचसं बंद असतं, चहाचा थर्मास आपला आपण न्यावा. स्थानिक पोलीस ठाण्यात आधी जाऊन सांगून ठेवावं, आणि हलायला सांगितलं तर वाद न घालता हलावं. रेव्ह मारायची नाही, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन उगाच गुरगुरवायचं नाही, गाणी नाहीत, कप उचलून न्यायचे, हे पहिल्याच दिवशी सांगा. जूनपासून पाऊस येतोच. जोराची सर आली की आम्ही गाड्या तिथेच सोडून हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली पळतो.

तुमच्यातले बहुतेक जण पनवेल-खारघरचे असतील, सात-आठच गाड्या असतील आणि त्या नव्या असतील, तर ड्राइव्हच काढा, मी अडवणार नाही. फक्त हायवेच्या कडेला थांबू नका. ठरल्या वेळेला जेवढे आले तेवढ्यांनी निघायचं आणि मागून येणाऱ्याला खोपोलीच्या हॉटेलचं लोकेशन पाठवून ठेवायचं.