मटेरियलसह ठेका की लेबर रेट? घर बांधायला निघालेल्यांसाठी

2025 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, 30 एप्रिलला, अमळनेरला आमच्या प्लॉटवर कुदळ मारली. नकाशा, कर्ज, विटा सगळं ठरलं होतं. ठरत नव्हतं ते एवढंच, की काम मटेरियलसह ठेक्यानं द्यायचं की मिस्त्रीला लेबर रेट देऊन माल आपण आणायचा. मी जोत्यापर्यंत पहिल्या रस्त्यानं गेलो आणि तिथून पुढे दुसऱ्या. त्यामुळे दोन्हींतलं थोडं थोडं कळलं.

मटेरियलसह काम देण्यात मोठी सोय आहे, हे आधी मान्य करतो. नोकरी सांभाळून घर बांधणाऱ्याला वाळू कुठून आली, सळई कधी पोचली हे बघायला वेळ नसतो. बँकही कर्ज टप्प्यानं सोडते, ठेकेदारही टप्प्यानं मागतो, मेळ बसतो. आमचे ठेकेदार कामाला चांगले होते. त्यांनी बांधलेल्या जोत्यात आजही खोट काढता येणार नाही.

मला नडलं ते त्यांचं एक वाक्य. ‘भाऊ, ते रेटमा नई शे.’ म्हणजे ते ठरलेल्या दरात धरलेलं नाही.

पहिल्यांदा ऐकलं ते पायाच्या खड्ड्यात उभं राहून. करारात पाच फूट खोदाई होती, मुरूम लागला साडेसात फुटांवर. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर भिंतींना तडे ठरलेले. म्हणून ते जास्तीचे पैसे मी मनापासून दिले. पण मग जोत्यात भरायचा मुरूम रेटमध्ये नव्हता. तो दाबायला लागणारं टँकरचं पाणी नव्हतं. पुढच्या पायऱ्या नव्हत्या. जिन्यावरची खोली मात्र पूर्ण क्षेत्रफळात धरून तिचे पूर्ण पैसे लावलेले होते. दर शनिवारी वहीत एक नवी ओळ, आणि एकेक रक्कम अशी की तिच्यासाठी भांडायला लाज वाटावी. जोतं झालं त्या रात्री सगळ्या ओळींची बेरीज केली, तर फरशीसाठी बाजूला ठेवलेले पैसे संपलेले होते. बायको काही बोलली नाही. तिनं वही ओढून घेतली आणि तीच बेरीज पुन्हा एकदा केली.

करारात आणखी एक ओळ होती, ती मी सही करताना नीट वाचली नव्हती: भाव वाढल्यास फरक मालकाकडे. उतरल्यास काय, ते लिहिलेलंच नव्हतं. 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. तोवर आम्ही सामोपचारानं हिशेब मिटवून लेबर रेटवर आलो होतो. स्लॅबचं सिमेंट त्यानंतर घेतलं, त्यामुळे जो काही फरक पडला तो आमच्या बिलात दिसला. जुन्या करारात तो आमच्यापर्यंत पोचला असता, असं मला वाटत नाही.

लेबर रेटचा त्रास लहान नाही. पहाटे साईटवर जावं लागतं. संध्याकाळी कालवलेला माल उरला तर तो आपला वाया जातो, मिस्त्रीचं काही जात नाही. पाणी मारणंही आपल्याच गळ्यात, आणि राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर आपल्या उन्हात चौदा दिवस तरी हयगय चालत नाही. वाळूचं तर विचारू नका. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद, नंतर भाव दर आठवड्याला वेगळा. शेवटी आम्ही काँक्रीटला क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरली आणि तापीची वाळू फक्त प्लास्टरपुरती ठेवली.

पण मोजायला शिकलो. ट्रॉली आली की आधी फावड्यानं शीग सपाट करायची, मग टेप लावायची. फुटांत लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले शंभर, म्हणजे ब्रास. पहिल्याच ट्रॉलीत शीग मोडली तर वाळू फाळक्याच्या चार बोटं खाली बसली. ड्रायव्हरनं मुकाट्यानं पैसे कमी घेतले. सळईचंही तसंच. बारा मिलीची बारा मीटरची सळई साधारण 10.66 किलो भरते, म्हणजे टनाला 94 च्या आसपास नग. काट्याची पावती हातात आणि नग मोजलेले, एवढं केलं की बोलायला काही उरत नाही.

लेबर रेटनं किती वाचले, असं लोक विचारतात. जोतं आणि वरचं काम सारखं नसतं, म्हणून आकडा सांगणं बरोबर होणार नाही. एवढं सांगतो की जोत्यानंतर एकाही शनिवारी माझ्या पोटात गोळा आला नाही. जे गेलं ते कशात गेलं, हे कळत होतं.

तुम्ही सुरतेला किंवा पुण्याला नोकरीला असाल आणि गावी रोज उभं राहणारं माणूस नसेल, तर कदाचित मटेरियलसहच बरं. फक्त करारात खोदाई किती फूट, पुढच्या फुटाला काय दर, जोत्यातला मुरूम आणि पाणी कुणाचं, जिना-बाल्कनी पूर्ण धरणार की अर्धी, हे सगळं लिहून घ्या. भावाचा फरक वर गेला तर आणि खाली आला तर, दोन्हीकडून लिहा. गावात वडील किंवा भाऊ असेल, सकाळी तासभर साईटवर जाऊ शकत असेल, तर मी लेबर रेटकडेच बोट दाखवीन. आमच्याकडे ते काम आबांनी केलं, वयाच्या सत्तरीत. टेप अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच असते.