'परवानगीसकट बोर्ड' म्हणणाऱ्यांपासून सांभाळा : माझे 1,10,500 रुपये असे गेले

एक लाख दहा हजार पाचशे. दुकानावरच्या एका बोर्डापायी एवढे गेले. वर महापालिकेचा दंड 7,200, आणि बोर्ड तर गाडीत घालून नेलाच. आकडा सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण नातेवाइकांना मी अजून 'पस्तीसेक हजार' असंच सांगते.

माझं चष्म्याचं दुकान आहे. उद्घाटन पाडव्याला, 30 मार्च 2025 ला. पत्रिका वाटून झालेल्या आणि बोर्डाचा पत्ता नाही. फर्निचर करणाऱ्या सुताराने बोर्ड करणाऱ्या या माणसाचा नंबर दिला. तो आला, टेप लावून माप घेतलं, मोबाइलवर चार दुकानांचे फोटो दाखवले. मी त्यांतली दोन दुकानं स्वतः जाऊन पाहून आले. नवरा आता म्हणतो, 'चौकशी करायची होतीस.' केली होती. बोर्ड जागेवर होते. ते यानेच लावलेत का, असं त्या दुकानदारांना विचारायचं राहिलं. तुम्ही विचारा.

त्याचा हिशेब असा. बोर्ड 24 बाय 4 फूट, एसीपीवर (म्हणजे ॲल्युमिनियमच्या शीटवर) ॲक्रिलिकची थ्रीडी अक्षरं, आतून एलईडी. 96 स्क्वेअर फूट, 850 च्या दराने 81,600. त्यावर 18 टक्के जीएसटी, 14,688. शिवाय 'आकाशचिन्ह विभागाची फी' (बोर्ड-होर्डिंगची परवानगी देणारा पालिकेचा विभाग) 18,500 आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट 12,000. एकूण 1,26,788. याहून स्वस्त बोर्ड मिळतो हे मला माहीत होतं. पण बाकीचे सगळे 'परवानगीचं तुमचं तुम्ही बघा' म्हणत होते, आणि हा म्हणाला, 'ताई, तुम्ही फक्त नारळ फोडा.'

लबाडी अशी की तो बोलत होता ते निम्मं खरं होतं. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. 40 बाय 40 ची मर्यादा असताना 120 बाय 120 चं उभं केलेलं. तेव्हापासून सगळीकडे स्टॅबिलिटी सर्टिफिकेट मागतात, पथकं फिरतात, हे आपण वाचलेलं असतंच. तो त्याच भीतीवर धंदा करत होता. न सांगितलेली गोष्ट अशी : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 245 मध्ये, आपल्याच जागेतल्या धंद्याची, दिवे नसलेली आणि गच्चीवर न चढवलेली पाटी असेल तर परवानगीतून सूट आहे. मला उजेडाची अक्षरं हवी होती म्हणून परवानगी लागत होती. साधी पाटी लावली असती तर 'फी'चा विषयच निघाला नसता. कुठल्याही एजंटला भेटायच्या आधी आपल्या पालिकेचे फलकाचे नियम स्वतः वाचा. सगळे म्हणतात किचकट आहेत, पण निदान नामफलकाचा भाग तरी वाचा.

पैसे असे दिले. बयाणा 50,000, त्याच्या फर्मच्या क्यूआरवर. मग 'सरकारी पैसे' 30,500, हे वेगळ्या नंबरवर, कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. 'साहेबांचा माणूस आहे, चलन तोच भरतो.' मग मटेरियलचे म्हणून 30,000. महापालिकेचे पैसे कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर कधीच जात नाहीत. चलन आपल्या नावाने निघतं, पावती आपल्या हातात येते. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तुम्हीच सांगा, कुठल्या कामात 'आमचा माणूस भरतो' हे ऐकलेलं नसतं? घराच्या नळजोडणीपासून आपण हेच करत आलोय.

आता ते पत्र. उद्घाटनाच्या चार दिवस आधी त्याने परवानगीचं पत्र आणून दिलं. लेटरहेड, जावक क्रमांक, गोल शिक्का, निळ्या शाईची सही. सोबत इमारतीचं एलेव्हेशन ड्रॉइंग, म्हणजे समोरून दिसते तसं चित्र, त्यावर माझा बोर्ड लाल रेघेने दाखवलेला. मी बघतच राहिले, कारण ड्रॉइंगमध्ये जिना दुकानाच्या डावीकडे होता. आमचा जिना उजवीकडे आहे. मी बोट ठेवून त्याला विचारलं. तो हसला. 'ताई, प्रिंट मिरर आलीये. सही झालीय ना? मग झालं.' आणि मी तो कागद फाइलला लावला.

प्रिंट मिरर आली असती तर मापांचे आकडेही उलटे आले नसते का? आकडे सुलट होते. 24'-0" अगदी सरळ वाचता येत होतं. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी मी, आणि हे दिसलं नाही! ते ड्रॉइंग दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीचं होतं, त्याने फक्त लाल चौकोन हलवला होता. तेव्हा हे सगळे पैसे त्याच्याकडे गेले होते हे खरं, पण बोर्ड लागायचा होता, थांबवता आलं असतं. दुकानात पेंटर, इलेक्ट्रिशियन, फ्रेमच्या कंपनीचा सेल्समन, सगळे एकदम डोक्यावर बसलेले. त्या गडबडीत कोण कागदावरचा जिना मोजत बसणार? तरी रात्री अंथरुणावर पडलं की तो जिनाच दिसतो.

बोर्ड लागला, दिसायला झकास होता. मग मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि अर्धी अक्षरं विझली. त्याला फोन केला तर 'उद्या पोरगं पाठवतो'. ते पोरगं आजतागायत आलेलं नाही. जून उजाडला आणि पथक आलं. पत्र दाखवलं. त्यांच्यातल्या एकाने ते उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाला, 'हे आमचं नाही.' कटर लावून अर्ध्या तासात बोर्ड खाली. खाली आल्यावर दिसलं : लोखंडी पाइपच्या फ्रेमला प्रायमरचा हातही नाही, भिंतीत अँकर फास्टनरऐवजी (भिंतीत घट्ट बसणारे लोखंडी बोल्ट) प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आणि स्क्रू, 4 एमएम सांगितलेली शीट 3 ची, आणि एलईडीचा सप्लाय घरात वापरायचा, उघड्यावर ठेवलेला. फूटपाथवरून शाळेची मुलं जातात. ते 12,000 चं सर्टिफिकेट याच फ्रेमचं. अँकर मारताना समोर उभं राहा, फोटो काढा. सर्टिफिकेटवर ज्या इंजिनिअरचा शिक्का आहे त्याला फोन करा, पण नंबर एजंटकडून घेऊ नका.

पथकातल्याच एकाने जाता जाता ऐकवलं की इंग्रजी नाव मराठीपेक्षा मोठं आहे, त्याचीही नोटीस येऊ शकते. 2022 पासून मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. बोर्डवाल्याने मला 'लोगोला सूट असते' असं सांगून ठेवलं होतं. आडनावाने देशस्थ असलेल्या बाईला मराठी पाटीवरून बोलणी खावी लागली!

खरा संताप यापुढे आहे. पालिकेत गेले, म्हटलं तुमचा शिक्का, तुमचं लेटरहेड, तुमच्या नावाने कुणी तरी पत्रं छापतंय, तुम्ही तक्रार करा. उत्तर : 'तुम्ही फसलात, तुम्ही करा.' क्षेत्रीय कार्यालय म्हणतं मुख्य इमारतीत जा, मुख्य इमारत म्हणते साहेब साइटवर गेलेत. दंडाची पावती मात्र दहा मिनिटांत निघते, त्याला कुणाच्या साइटची आडकाठी येत नाही. शेवटी दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवून माहिती अधिकारात विचारलं की हा जावक क्रमांक कशाचा. उत्तर आलं : ड्रेनेज लाइनच्या एका तक्रारीला पाठवलेल्या पत्राचा. म्हणजे बनावट असल्याचं आता त्यांनीच लेखी दिलंय. तरी गुन्हा नोंदवायला कुणी उठत नाही.

पोलीस ठाण्यात ऐकलं, 'ताई, हा दिवाणी मामला. बोर्ड लावला होता ना त्याने?' बनावट शिक्का दिवाणी कसा, याचं उत्तर नाही. अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा नाही. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. वकिलांनी सांगितलं की भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठांना टपालाने तक्रार आणि मग मॅजिस्ट्रेट कोर्ट. टपाल केलंय. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगात समोरचा 'हे व्यापारी काम' म्हणून अडवू पाहणार. पण पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याला कायद्यात जागा आहे, तेवढी एक वाट उरलीय. कोटेशनवरचा जीएसटी नंबर मी नंतर पोर्टलवर टाकला. नोंदणी कधीच रद्द झालेली. लॉगिनही लागत नाही हो हे बघायला, मिनिटभराचं काम! तेही आधी कुणी सांगितलं नाही. माझं आधार आणि पॅन अजून त्याच्या मोबाइलमध्ये आहे.

त्याने मला ब्लॉक केलंय, पण वहिनीच्या फोनवर त्याचे स्टेटस दिसतात. गेल्या आठवड्यात एका मेडिकलवर नवा बोर्ड चढवला, खाली लिहिलंय 'विथ परमिशन'. तुमच्याकडे असं पत्र असेल तर आजच ड्रॉइंग काढून आपल्या इमारतीसमोर उभं राहून ताडून बघा, आणि जावक क्रमांक पालिकेत विचारा, लेखी. एकटीच्या अर्जाला ठाण्यात कुणी विचारत नाही. पाच-सहा जण मिळून गेलो तर गुन्हा नोंदवावाच लागेल. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉइस मेसेज पुसू नका.