लिमातली फूड टूर आणि बदललेली नोट

पेरूला जाणार असाल तर हे वाचून मगच निघा. लिमाच्या मिराफ्लोरेस भागात केनेडी पार्कपाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गाइड भेटला. माणशी 60 सोल (पेरूचं चलन), पाच ठिकाणचं खाणं, सगळं त्यातच. बोलायला गोड, इंग्रजी अगदी स्वच्छ.

सुरुवात झकास झाली. गाडीवरचे पिकारोनेस म्हणजे भोपळा-रताळ्याच्या पिठाची गरमागरम तळलेली कडी, वर उसाच्या गुळाचा पाक. त्या बाईंच्या हाताला आजही माझी दाद आहे. अँटिकुचोच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या गाडीवर मात्र गाइड नुसतं "मटण" म्हणाला. ते बहुतेक ठिकाणी गाईबैलाचं हृदय असतं. बीफ न खाणाऱ्यांनी आधी विचारावं.

पुढे सुर्कियोच्या मंडईत रंग बदलला. फळवाल्याने लुकुमा आणि चिरिमोयाच्या फोडी हातावर ठेवल्या (चिरिमोया म्हणजे सीताफळाच्याच कुळातलं) आणि न विचारता पिशवी भरत सुटला. झाले 85 सोल! चव टूरमध्ये, पिशवी वेगळी, असं गाइडचं म्हणणं. पण पिशवी मागितली कोणी होती?

वाद नको म्हणून बायकोने 100 ची नोट काढली. "सुटे आणतो" म्हणत गाइडने ती घेतली, पाठ वळवली आणि लगेच परत आला. ही खोटी आहे, दुसरी द्या. आमच्याकडच्या शंभराच्या सगळ्या नोटा सकाळीच एटीएममधून काढलेल्या, अभियंता पेद्रो पाउलेतचं चित्र असलेल्या नव्या. हातात आली ती जुन्या मालिकेतली, इतिहासकार होर्खे बासाद्रेची. कागद गुळगुळीत, उजेडात धरली तर जलचिन्ह दिसेना. जुन्या मालिकेच्या खऱ्या नोटाही चालतात, त्यामुळे परक्या माणसाला चित्रातला फरक खटकत नाही. त्यावरच हा धंदा चालतो. आम्ही चित्रावर बोट ठेवताच त्याचं इंग्रजी संपलं, स्पॅनिश सुरू झालं आणि तो गर्दीत पसार झाला. पिशवी आम्ही तिथेच ठेवली.

मोठी नोट देताना समोरच्यादेखत तिच्या नंबराचा फोटो काढा, किंवा 10-20 च्याच नोटा बाळगा. सुटे आणायला नोट कोणाच्याही हाती देऊ नका. दुकानात फसवणूक झाली तर 'लिब्रो दे रेक्लामासिओनेस' मागा. ही तक्रारवही ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. गाइडची तक्रार पर्यटन पोलिसांकडे करा, आणि त्याच्या ओळखपत्राचा फोटो टूरचे पैसे देण्याआधीच काढून ठेवा.