थंडरबर्ड: तीन पत्ते, तीन उपकरणं आणि काही महिन्यांचा वापर

मेलसाठी डेस्कटॉपवर थंडरबर्डसारखा वेगळा प्रोग्रॅम कशाला, ब्राउझर आहे की, असं ज्यांचं एका जीमेलवर भागतं त्यांनी खुशाल म्हणावं. माझं भागत नाही. एक स्वतःचा जीमेल, दुसरा डीटीपी आणि मुद्रितशोधनाच्या कामाचा स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता, तिसरा आमच्या गृहनिर्माण संस्थेचा, जो सचिवपदाबरोबर गळ्यात पडला. उपकरणंही तीन: घरी विंडोजचा डेस्कटॉप, फिरतीसाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलेला लॅपटॉप, खिशात अँड्रॉइड फोन. लॅपटॉपवर वाचलेला मेल डेस्कटॉपवर पुन्हा ठळक अक्षरांत उभा राहू नये आणि फोनवरून पाठवलेलं उत्तर घरच्या 'सेंट'मध्ये सापडावं, एवढीच मागणी.

पर्याय बघायला लागलो तर यादी भराभर आटली. विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या मेल प्रोग्रॅमचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस थांबवला. त्याच्या जागी आलेला नवा आउटलुक दिसायला नेटका आहे. पण त्यात दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं की त्यातल्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही जाते. खातं जोडताना तो स्वतःच तसं सांगतो. सभासदांचे आधार, भाडेकरार, शेअर सर्टिफिकेटच्या प्रती असलेला पत्रव्यवहार आणखी एका ठिकाणी ठेवायला माझं मन होईना. ईएम क्लायंट हा दुसरा मेल प्रोग्रॅम छान आहे, कॅलेंडर तर फारच छान, पण फुकटात दोनच खाती, तीही घरगुती वापरासाठी, आणि लिनक्सवर तो नाहीच. उरला थंडरबर्ड, फायरफॉक्सवाल्या मोझिलाचा. मिंटमध्ये तो आधीपासून असतोच, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

आता मुद्द्याचं. मेल सगळीकडे सारखे ठेवण्याचं काम थंडरबर्ड करतच नाही. ते करतो आयमॅप, म्हणजे मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये आखलेली पद्धत. मेल सर्व्हरवरच राहतो. वाचला, तारा लावला, उत्तर दिलं, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला, या खुणाही सर्व्हरवरच राहतात आणि प्रत्येक उपकरण तिथे डोकावून आपलं चित्र जुळवून घेतं. त्यामुळे दोन्ही टोकांना एकाच कंपनीचा प्रोग्रॅम लागतो हा समज डोक्यातून काढून टाका. आमच्या खजिनदार वहिनी आयफोनचं मूळचं मेल अ‍ॅप वापरतात आणि संस्थेच्या खात्यात मला जे दिसतं तेच त्यांना दिसतं.

संस्थेचं जुनं खातं मात्र पॉपवर, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीवर होतं. आधीचे सचिव काका आपल्या संगणकावर मेल उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवर काही शिल्लक राहायचं नाही. म्हणजे कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार एका खोलीतल्या एका डब्यात. त्यांच्या थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मधले मेल ओढून आयमॅप खात्यात टाकले की ते सर्व्हरवर चढतात, हे या प्रोग्रॅमचं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं काम. एकदम हजारो मेल ओढू नका, मध्येच जोडणी तुटली तर कुठपर्यंत आलो ते कळत नाही. मी वर्षागणिक फोल्डर करून थोडे थोडे चढवले. आधी होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर खातं आहे त्याच्याकडे, खात्याला किती जागा आहे तेही बघून घ्या.

आयमॅपचा एक काच मात्र आहे आणि तो सामायिक पत्त्यावर हमखास बसतो. 'वाचलं'ची खूण खात्याची असते, माणसाची नाही.

"वहिनी, लिफ्टवाल्यांचं बिल आलंय का हो?"

"अहो, ते मी परवाच उघडून बघितलं. मला वाटलं तुम्ही मंजूर करून पुढे पाठवलंत!"

त्यांनी उघडलं, माझ्याकडे ते साध्या अक्षरांत दिसलं, आणि मी वाचलेलं समजून पुढे गेलो. आता आमचा नियम असा: काम बाकी असेल तर तारा लावायचा आणि काम झालं की ज्याने केलं त्यानेच काढायचा. थंडरबर्डचा तारा आयफोनवर झेंडा म्हणून दिसतो, अँड्रॉइडवर ताराच. ही खूण तिन्हीकडे बिनचूक पोचते. थंडरबर्डचे रंगीत टॅग, जे १ ते ५ आकडे दाबून लागतात, ते दिसायला सुरेख आहेत, पण फोनवर दिसत नाहीत. त्यांच्यावर कामाची शिस्त उभी करू नका.

आणि इथूनच माझी तक्रार सुरू होते. मेल जुळतात, पण थंडरबर्डच्या स्वतःच्या गोष्टी जुळत नाहीत. सह्या, फिल्टर (मेल आपोआप वेगळे करणारे नियम), रकान्यांची मांडणी, हे सगळं ज्या संगणकावर केलं तिथेच राहतं. फायरफॉक्समध्ये खातं उघडून लॉगिन केलं की बुकमार्क दुसऱ्या संगणकावर आपोआप येतात. मोझिलाच्याच घरातल्या या भावंडाला ते अजून जमलेलं नाही. 'टूल्स'मधून सगळं प्रोफाइल, म्हणजे आपली सेटिंग आणि उतरलेले मेल ज्यात असतात तो फोल्डर, एक्स्पोर्ट करता येतं, पण ते २ जीबीच्या वर गेलं की ती सोय हात वर करते आणि प्रोफाइलचा फोल्डर हाताने कॉपी करावा लागतो. त्यातही नव्या आवृत्तीत उघडलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती स्वीकारत नाही, तेव्हा दोन्ही संगणक आधी एका आवृत्तीवर आणा. प्रोफाइलचा फोल्डर क्लाउड ड्राइव्हमध्ये ठेवून दोन्हीकडून उघडायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. दोन्ही संगणक एकाच वेळी त्यात लिहायला लागले तर बिघडायला वेळ लागत नाही.

यातल्या फिल्टरांचा त्रास सगळ्यात जास्त. थंडरबर्डचे फिल्टर थंडरबर्ड चालू असेल तरच चालतात. डेस्कटॉपवर नियम केला की बँकेचे जाहिरातवजा मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जावेत. डेस्कटॉप चालू असेपर्यंत फोनही शांत. बाहेरगावी गेलो, डेस्कटॉप बंद, की फोनच्या इनबॉक्सात सगळा बाजार. उपाय एकच, नियम सर्व्हरवर करायचे. जीमेलचे फिल्टर जीमेलच्या वेब सेटिंगमध्ये, आणि स्वतःच्या डोमेनवाल्यांनी होस्टिंगच्या वेबमेलमध्ये फिल्टरची सोय आहे का ते बघावं. माझ्याकडच्या राउंडक्यूब नावाच्या वेबमेलमध्ये होती. एकदा तिथे बसून नियम लिहिले आणि थंडरबर्डमधले सगळे पुसून टाकले. तेव्हापासून कुठलंही उपकरण बंद असो, मेल आपापल्या जागी जातात. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायचं काम आहे.

जीमेल जोडणं सोपं. ब्राउझरसारखी खिडकी उघडते, गूगलचं लॉगिन होतं, पासवर्ड थंडरबर्डकडे राहत नाही. एक खटका आहे: जीमेलची लेबलं इथे फोल्डर म्हणून दिसतात, आणि 'ऑल मेल' नावाचा फोल्डर तोच मेल पुन्हा दाखवतो. ऑफलाइन प्रत ठेवत असाल तर तेच मेल दोनदा उतरतात. जीमेलच्या वेब सेटिंगमध्ये लेबलांच्या यादीत 'ऑल मेल'समोरची आयमॅपमध्ये दाखवायची खूण काढून टाका.

ऑफलाइन प्रतीबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. कर्जत ते लोणावळा गाडी बोगद्यांतून जाते, रेंज येते-जाते, आणि लॅपटॉपवर जुने मेल, जोडलेल्या पीडीएफ, सगळं उघडतं. उत्तर लिहून ठेवायचं, नेट आल्यावर पाठवायचं.

मराठीचं काय, हा प्रश्न आमच्या धंद्यात आधी येतो. युनिकोड मजकूर व्यवस्थित दिसतो. सेटिंगमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि आकार ठरवता येतो, तो जरूर ठरवा, डोळे दुवा देतील. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टांत टाइप करून मेलमध्येच चिकटवलेला मजकूर अर्थातच चिन्हांचा चिवडा दिसतो, पण तो कुठेही तसाच दिसेल. शोध घेताना एक धोरण पाळा: पूर्ण शब्द टाकू नका. 'पावती' टाकलं तर 'पावत्या' सुटतात, 'पावत' टाकलं तर दोन्ही सापडतात. 'दुसऱ्या', 'सुधारणाऱ्या' असले शब्द तर टाळाच. त्यातला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात. डोळ्यांना एकच अक्षर, संगणकाला दोन.

फोनवरचा थंडरबर्ड हा मुळात के-नाइन मेल. ते अ‍ॅप २०२२ मध्ये थंडरबर्डच्या छत्राखाली आलं आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस थंडरबर्ड नावाने बाजारात उतरलं. डेस्कटॉपच्या 'टूल्स'मध्ये मोबाइलसाठी एक्स्पोर्ट करायची सोय आहे: पडद्यावर क्यूआर कोड येतो, फोनने तो टिपला की तिन्ही खाती फोनवर हजर. गूगलचं लॉगिन तेवढं पुन्हा करावं लागलं. सर्व्हरचे पत्ते आणि पोर्ट फोनच्या चिमुकल्या कळफलकावर टाइप करायची कटकट वाचली, यासाठी त्या मंडळींना पैकीच्या पैकी गुण. सूचना उशिरा येतात ही तक्रार मात्र तुम्हीही कराल. दोष बहुतेक वेळा फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगचा असतो. त्यातून अ‍ॅपला मोकळीक द्या आणि इनबॉक्सपुरतं 'पुश', म्हणजे मेल आल्या आल्या कळवण्याची सोय, चालू ठेवा.

संपर्क आणि कॅलेंडर डेस्कटॉपवर कार्डडॅव्ह-कॅलडॅव्हने येतात, म्हणजे आयमॅपसारख्याच सर्व्हरशी जुळवून घेणाऱ्या पद्धतींनी. फोनवरच्या थंडरबर्डमध्ये कॅलेंडर नाही, तिथे फोनचंच वापरायचं. मला त्याने काही अडलं नाही, सभांच्या तारखांवर जगणाऱ्यांना अडेल.

थंडरबर्ड मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो. त्याची आठवण करून देणारं पान अधूनमधून उघडतं, चिडू नका.

शेवटची सूचना बॅकअपची, कारण सिंकलाच बॅकअप समजणारे पुष्कळ भेटतात. वहिनींच्या बोटाने फोनवर सरकवलेला वॉटरप्रूफिंगच्या दरपत्रकाचा मेल कचऱ्यात गेला, कचरापेटीही रिकामी झाली, आणि तो सर्व्हरवरून, माझ्या दोन्ही संगणकांवरून, सगळीकडून शिस्तीत नाहीसा झाला. सिंकने आपलं काम चोख केलं! दरपत्रक मिळालं ते बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीतून. थंडरबर्ड एरवी प्रत्येक फोल्डरची एकच मोठी फाइल ठेवतो. ती फाइल 'लोकल फोल्डर्स'च्या जागी वेगळ्या नावाने टाकून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की ती फोल्डर म्हणून दिसते, आणि त्यातला हवा तो मेल ओढून परत खात्यात टाकता येतो. प्रोफाइलचा फोल्डर 'हेल्प'मधल्या ट्रबलशूटिंगच्या पानावरून थेट उघडतो. दर महिनाअखेरीस तो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि कॉपी करण्याआधी थंडरबर्ड पूर्ण बंद करा, नाहीतर प्रत अर्धवट निघू शकते.