कायटोसान की अल्जिनेट? कोल्हापुरात नॅनोफायबर ड्रेसिंग करायला घेण्याआधी

एम. फार्म. किंवा एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी जखमेवरचं नॅनोफायबर (केसापेक्षा कितीतरी बारीक धाग्यांच्या जाळीचं) ड्रेसिंग घेतलं, की निवड बहुधा कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या सालांपासूनचं) आणि अल्जिनेट (समुद्री शेवाळातलं) या दोन पॉलिमरांतच अडते. इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे द्रावणाला उच्च व्होल्टेज देऊन सुईतून ओढताना, धागा कुणाचा सहज निघतो, या प्रश्नात फारसं काही नाही. सोबतीला दुसरा पॉलिमर दिल्याशिवाय दोघंही कुरकुरतात. खरा फरक पडतो तो धागा निघाल्यानंतर.

कायटोसानचा सोपा मार्ग पीव्हीएबरोबरचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल): 3 टक्के कायटोसान ॲसिटिक आम्लात, 10 टक्के पीव्हीए पाण्यात, आणि आकारमानाने 30:70 मिश्रण. धागा छान येतो. पण हिशेब करून बघा: 100 मिलि मिश्रणात कायटोसान 0.9 ग्रॅम आणि पीव्हीए 7 ग्रॅम. म्हणजे कोरड्या जाळीत कायटोसान जेमतेम 11 टक्के! याला कायटोसानचं ड्रेसिंग म्हणणं धाडसाचंच. त्यापेक्षा 50 टक्के ॲसिटिक आम्लात सुमारे 3 टक्के कायटोसान आणि जास्त रेणुभाराचं (9 लाखांच्या आसपास) पीईओ, म्हणजे पॉलिइथिलीन ऑक्साइड घ्या. वजनाने 80:20 पासून सुरू करून 90:10 कडे सरका. धाग्यावर मणी (गाठी) दिसू लागले तर पीईओ थोडं वाढवा. व्होल्टेज वाढवून मणी जातीलच असं नाही.

ही जाळी तशीच पाण्यात टाकली तर विरघळते, कारण धाग्यात कायटोसानचा ॲसिटेट क्षार असतो. 1 मोलर पोटॅशियम कार्बोनेटमध्ये उदासीन करा, भरपूर धुवा आणि चौकटीत कडा पकडून वाळवा, नाहीतर आक्रसते. इथेच एक फसवणूक होते. न धुतलेल्या जाळीभोवती जिवाणूरोधक वर्तुळ (जिवाणू न वाढलेला पट्टा) मोठं दिसतं, पण त्यात उरलेल्या आम्लाचा वाटा असतो. उदासीन केल्यावर कायटोसानचा धनभार बराच उतरतो आणि वर्तुळही लहान होतं. चाचणी धुतलेल्या नमुन्यावरच करा.

अल्जिनेटचे रेणू ताठ आणि ऋणभारित, एकमेकांत नीट गुंतत नाहीत. त्यामुळे सोडियम अल्जिनेट व पीईओ 70:30, एकूण 4 टक्के, वर ट्रायटन एक्स-100 (डिटर्जंटसारखं द्रव्य) एक टक्क्याच्या आत. कॅल्शियम क्लोराइड पाण्यातून दिलं तर कॅल्शियम पकड घेण्याआधीच धागे फुगून एकमेकांत मिसळतात. पहिली बुडी इथेनॉलमधल्या 2 टक्के द्रावणाचीच हवी. ट्रायटन तांबड्या पेशी फोडतं, तेव्हा धुण्यात कंजुषी नको. जखमेतल्या स्रावातला सोडियम कॅल्शियमची जागा घेतो आणि जाळीचा जेल होतो. म्हणून खूप लस वाहणाऱ्या जखमेला अल्जिनेटच. कोरड्या जखमेला ते चिकटतं, तिथे नको. रक्त थांबवायला दोन्ही चालतात.

यंत्राची मांडणी दोघांसाठी जवळपास सारखी: 21–22 गेजची बोथट सुई, 15–20 किलोव्होल्ट, 12–15 सेंमी अंतर, ताशी 0.3–0.5 मिलि. वेळेचा अंदाज मात्र आधी घ्या. 4 टक्के द्रावण ताशी 0.5 मिलि म्हणजे 20 मिलिग्रॅम माल. 10×10 सेंमीची, चौ.सेंमीला 1 मिलिग्रॅमची जाळी सलग 5 तास खाते, इकडेतिकडे उडालेलं वेगळंच.

कोल्हापूरचा पावसाळा या कामाचा वैरी. हवेत 60 टक्क्यांवर आर्द्रता गेली की पाणी सुटायच्या आत धागा कलेक्टरवर (धागे जमा होतात त्या पत्र्यावर) पोचतो आणि धागे चिकटून पापडी होते. अल्जिनेटमध्ये सगळं पाणीच, म्हणून त्याला हा त्रास जास्त. बंद पेटी आणि डीह्युमिडिफायर लावून 40 टक्क्यांपर्यंत आणता येत नसेल, तर जून ते सप्टेंबर द्रावणांची स्निग्धता आणि वाहकता मोजण्यात घालवा. धागे ऑक्टोबरनंतर काढा.

बगॅसपासून (उसाच्या चिपाडांपासून) सेल्युलोज किंवा कोकणातल्या कोळंबीच्या सालांपासून कायटोसान स्वतः बनवायचा मोह इथे सगळ्यांनाच होतो. तो वेगळा प्रकल्प आहे. डीॲसिटिलेशनचा (कायटिनमधले ॲसिटिल गट किती काढले त्याचा) आकडा दिलेला माल विकत घ्या, नाहीतर प्रत्येक बॅच नवा धागा दाखवेल.

दोन वर्षं हाताशी असतील आणि जखम नक्की ठरली नसेल, तर आमचं मत कायटोसान-पीईओला. जखम स्रावाची असेल तर अल्जिनेट, हवेची सोय आधी बघून. यंत्रावर हात बसवायला पुल्लुलान (बुरशीपासून मिळणारा, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) उत्तम. पाण्यातल्या 15–20 टक्के द्रावणातून एकट्याचाच धागा निघतो. फक्त ओल लागली की ती जाळी क्षणात विरघळते.