हरणासाठी .४४ मॅग्नम: पोकळ टोक, ओतीव शिसं की तांबं?

अमेरिकेत व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला रायफल घरी ठेवून .४४ मॅग्नम या ताकदवान काडतुसाचं रिव्हॉल्व्हर न्यायचं ठरलं, काडतुसंही स्वतःच भरायची ठरली, की दुकानातल्या गोळ्यांच्या डब्यांपुढे माणूस अडतो. डब्यांवरची नावं बाजूला ठेवली तर निवड तीन जातींमधली आहे: तांब्याचं वेष्टन असलेली पोकळ टोकाची गोळी, ओतीव शिशाची कठीण गोळी आणि अख्ख्या तांब्याची गोळी.

आधी वेगाचं बोलू, कारण सगळं तिथून ठरतं. रायफलची गोळी सेकंदाला अडीच-तीन हजार फुटांनी जाते आणि त्या वेगानेच आजूबाजूचं मांसही फाटतं. रिव्हॉल्व्हरकडे तेवढा वेग नाही. साडेसात इंची नळीतून २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण १,३०० फुटांनी सुटते आणि शंभर यार्डांवर हजाराच्या आसपास येते. या वेगाला हरीण पडतं ते फुप्फुसांतून किंवा हृदयातून गेलेल्या भोकामुळेच. भोक किती रुंद आणि किती खोल, एवढंच बघायचं. मिळालेला जोर रुंदीवर जास्त खर्च झाला तर खोलीला कमी उरतो.

पोकळ टोकाची गोळी तो रुंदीवर खर्च करते. आत शिसं, बाहेर तांब्याचं पातळ वेष्टन. अंगात शिरली की टोक उमलतं आणि गोळी जवळपास दीडपट रुंद होते. हरणाची छाती आडवी साधारण फूटभराची. बरगड्यांमधून नीट आडवा नेम लागला तर हॉर्नडी कंपनीची २४० ग्रेनची एक्सटीपी ही पोकळ टोकाची गोळी सहसा दोन्ही फुप्फुसं फोडून पलीकडे निघते आणि हरीण फार लांब जात नाही. मात्र पोकळ टोकाच्या सगळ्याच गोळ्या या कामाच्या नाहीत. स्वसंरक्षणासाठी बनवलेल्या हलक्या गोळ्या लवकर उमलाव्यात आणि फार खोल जाऊ नयेत अशाच घडवलेल्या असतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर तशी गोळी लागली तर ती आत पोचण्याआधीच संपते, आणि जखमी जनावर रात्रभर झाडीत कण्हत राहतं. त्यामुळे .४४ मध्ये २४० ग्रेनच्या खाली, निदान वेष्टनाच्या गोळीत, मी जाऊ देणार नाही.

ओतीव शिशाच्या गोळीची वाट उलटी आहे. .४४ मॅग्नम १९५५च्या अखेरीस आलं, पण त्यामागे अमेरिकन शिकारी-लेखक एल्मर कीथची कितीतरी वर्षांची खटपट होती, आणि ती सगळी ओतीव शिशाच्या, रुंद सपाट टोकाच्या, २५० ग्रेनच्या आसपासच्या गोळ्यांवर उभी होती. ही गोळी उमलत नाही. सपाट टोकाने मांस कापत सरळ जाते, हाड लागलं तरी वाट सोडत नाही. समोरून किंवा तिरपा नेम घ्यावा लागला, किंवा समोर एल्कसारखं मोठं हरीण, रानडुक्कर, अस्वल असलं, तर खोलीच्या बाबतीत तिचा हात धरणारी गोळी नाही. साध्या हरणावर मात्र ती कधीकधी इतक्या सहज आरपार जाते की जनावराला काही लागलंय असं वाटतच नाही, आणि ते शंभर यार्ड पळून मग पडतं. दोन्ही बाजूंना भोक असल्यामुळे रक्ताचा माग चांगला मिळतो, ही जमेची बाजू. पलीकडे दुसरं हरीण उभं असेल तर चाप ओढायचाच नाही, कारण पहिल्यातून निघालेल्या गोळीत अजून भरपूर जोर असतो.

घरी भरणाऱ्याला ओतीव गोळीत खरा अभ्यास करावा लागतो. नुसती ‘जास्त कठीण तेवढी चांगली’ ही समजूत फसवी आहे. शुद्ध शिशाची कठीणता ब्रिनेल मापावर ५ च्या आसपास, तर नव्वद टक्के शिसं, पाच टक्के कथील आणि पाच टक्के अँटिमनी असा लायमन नंबर २ मिश्रधातू १५ च्या आसपास. हरणाच्या कामाला एवढं पुरतं. कठीणतेपेक्षा मापाकडे जास्त लक्ष द्या. वेष्टनाची गोळी .४२९ किंवा .४३० इंच व्यासाची असते, ओतीव गोळी सहसा .४३० किंवा किंचित मोठी. ती सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या चक्राच्या) तोंडाला नेमकी बसली नाही तर मागून गरम वायू निसटतो, शिसं वितळून नळीला चिकटतं आणि नेम बिघडतो. म्हणून आधी स्वतःच्या रिव्हॉल्व्हरचं माप घ्या, मगच गोळ्या मागवा. साचा घेऊन गोळ्या स्वतः ओतल्या तर हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे, फक्त ओतताना हवा खेळती हवी आणि मुलं जवळ नकोत.

तांब्याच्या गोळीचा विचार बरेच जण कायद्यामुळे करतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तिथल्या काँडोर गिधाडांना मेलेल्या जनावरांतल्या शिशाची बाधा होते. बार्न्स कंपनीची २२५ ग्रेनची एक्सपीबी ही तांब्याची गोळी उमलून सहा पाकळ्यांची होते, सहसा तुटत नाही आणि वजन टिकवून खोलवर जाते. म्हणजे पहिल्या दोन्ही जातींचे गुण बऱ्यापैकी एकत्र मिळतात, पण सर्वांत जास्त पैसे मोजून. घरात लहान मुलं तेच मांस खाणार असतील तर मांसात शिसं नको म्हणून तो खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. भरताना एक धोका मात्र ध्यानात ठेवा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) जास्त जागा खाते, आणि बंदुकीची दारू तेवढीच ठेवली तर दाब वाढतो. दुसऱ्या गोळीचं दारूचं माप हिला लावू नका; ज्या कंपनीची गोळी, तिच्याच तक्त्यातलं सुरुवातीचं प्रमाण घ्या आणि तिथून हळूहळू वर जा.

मग घ्यावी कोणती? पन्नास-साठ यार्डांच्या आत, आडव्या उभ्या हरणावर, पहिल्यांदाच जाणाऱ्याने वेष्टनाची २४० ग्रेनची पोकळ टोकाची गोळी घ्यावी. हरणाखेरीज मोठं जनावरही मनात असेल तर ओतीव. कॅलिफोर्नियात प्रश्नच नाही, तांब्याचीच. रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नम या धाकट्या काडतुसाचं असेल तर १२५ ग्रेनच्या गोळ्या विसरा, १५८ किंवा १८० ग्रेनची शिकारीची गोळी घ्या आणि अंतर आणखी कमी करा.

राज्याचे नियम आधी वाचा. ओहायोत हरणासाठी नळी किमान पाच इंच आणि काडतूस सरळ भिंतीचं (तोंडाशी एकदम अरुंद न होणारं), .३५७ किंवा मोठं लागतं. काही राज्यांत न उमलणारी गोळी चालत नाही. आपल्या लोकांसाठी आणखी एक: एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही, चालू शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

गोळी ठरल्यावर क्रिंपची, म्हणजे केसची कड गोळीवर वळवून दिलेल्या पकडीची, परीक्षा घ्या. .४४ चा धक्का एवढा असतो की सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांच्या गोळ्या केसमधून पुढे सरकू शकतात आणि सिलिंडर अडतो. सहा काडतुसं भरा, सहाव्याची लांबी कॅलिपरने मोजून ठेवा, पाच झाडा आणि सहावं काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर केसची कड गोळीच्या खाचेत आणखी घट्ट वळवा.